चार लिटरवर थांबलेला काटा

श्रीपाद टिपणिसांचा जगातल्या कुठल्याही काट्यावर विश्वास नसे. म्हणजे स्वतः तपासून बघेपर्यंत नसे. बदलापुरात, घराजवळच्या कात्रपच्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या दंडाला पट्टा आवळून रक्तदाब जास्त असल्याचं सांगितलं. दुसऱ्या कोणी पथ्यपाणी विचारलं असतं. श्रीपादराव पट्टा सुटल्यावर काटा कुठे जाऊन बसतो ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचं शून्यच सहावर आहे. आधी गोळी याला द्या."

अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. बॉयलरवरचे, पंपांवरचे, टाक्यांवरचे दाबाचे काटे खरं सांगतात की थापा मारतात ते तपासायचं आणि खरं सांगणाऱ्याच्या काचेवर सहीची हिरवी चिठ्ठी चिकटवायची. पद्धत ठरलेली होती. दाब टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर नोंद करायची, ही चढती. मग तसाच टप्प्याटप्प्याने खाली आणायचा, ही उतरती. काही काटे वर जाताना शहाण्या मुलासारखे जातात आणि खाली येताना मध्येच कुठेतरी हट्ट धरून बसतात. म्हणून दोन्ही हव्यातच. एका शिकाऊ इंजिनिअरने एकदा चढतीवरच काम उरकलं, तर श्रीपादरावांनी त्याला चाळीसच्या चाळीस काटे पुन्हा तपासायला लावले होते. तो मुलगा पुढे बँकेत लागला.

दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. श्रीपादराव तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. त्यांनी स्वतःचं एक मास्टर गेज घेतलं, म्हणजे बाकीच्या काट्यांची परीक्षा घेणारा काटा. ते स्पंजच्या पेटीत निजवलं, पेटी मोटरसायकलच्या मागच्या सीटला पट्ट्यांनी आवळली, एक हातपंप आणि जोडण्यांची पिशवी टाकीवर बांधली आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी दारोदार हिंडून काटे तपासायची कामं सुरू केली. सुरुवातीला आठ-दहा कारखाने मिळाले. पण प्रत्येक काट्याला पंधरा मिनिटं घेणारा माणूस कोणाला परवडतो? अंबरनाथचा एक जण वीस मिनिटांत अख्ख्या कारखान्याला चिठ्ठ्या लावून द्यायचा, त्याच्याकडे काटा तपासायचं यंत्र होतं की नुसताच चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता हे कोणी विचारत नसे. एकेक गिऱ्हाईक तिकडे वळलं. शेवटी दोन उरले, आणि त्यातल्या एकाने दिवाळीत नुसतीच मिठाई पाठवली.

त्यांच्या बायकोचा, कुमुदिनीताईंचा भाऊ उन्मेष याचं कल्याणला फरश्या, नळ आणि कमोडचं मोठं दुकान होतं. तो दर रविवारी फोन करायचा. "भावजी, कशाला उन्हातान्हात फिरताय? या ना दुकानात. बसूनच काम आहे."

"माहितीये काय विकतोस ते," श्रीपादराव म्हणायचे आणि फोन बायकोकडे द्यायचे. पण गेल्या दोन रविवारी ते काहीच न बोलता फोन देऊ लागले होते, आणि कुमुदिनीताईंच्या ते लक्षात आलं होतं.

अशात मुरबाडच्या वाटेवरचा एक कारखाना हाताशी आला. आंब्याचा रस आणि भाज्यांचा गर डबाबंद करणारा. तिथल्या अनुया मॅडम, वय तिशीच्या आसपास, फोनवर तोडून बोलल्या. "गुरुवारी दुपारी अडीचला परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येतोय. त्याआधी वीस काटे तपासून हवेत. ते नीट झाले तर अख्ख्या कारखान्याचं वर्षाचं काम तुमचं, एकशे चाळीस काटे. पण वेळ चुकली तर मी त्या अंबरनाथच्या चिठ्ठीवाल्याला बोलावणार, स्पष्ट सांगते."

"साडेनऊला हजर होतो. पाच तास, वीस काटे," श्रीपादराव म्हणाले. फोन ठेवून ते गॅलरीत आले. हे काम मिळालं तर ते टिपणीस. नाही मिळालं तर सोमवारपासून ते कमोडवाल्या उन्मेषचे भावजी.

मोटरसायकलची टाकी हा या कथेतला खरा पाहुणा. ती त्या फोनच्या पंधरा दिवस आधीच घरात आली होती. जुन्या टाकीत नऊ लिटर मावत. रोजच्या वणवणीत ती सारखी भरावी लागे, आणि दर वेळी टाकीवरची पिशवी सोडायची, हातपंप खाली ठेवायचा, मागच्या रांगेतल्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खायच्या. "अंकल, पेट्रोल डालने आये हो या बारात उतारने?" असं एकाने विचारल्यावर श्रीपादराव तडक उल्हासनगरला गेले.

उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. दिपेश नावाच्या सिंधी दुकानदाराने भिंतीवरून एक मोठी टाकी उतरवली, थोरल्या गाडीची, दोन्ही बाजूंना गाल फुगवलेली.

"साईं, ये टाकी नहीं, तलाव आहे. सतरा लिटर. बदलापूरहून गोव्याला जा, मध्ये पंप लागला तर नुसता हात करून पुढे चला."

"सतरा म्हणजे नेमके किती?"

दिपेशने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "सतरा मतलब सतरा."

"गळ्यापर्यंत की झाकणापर्यंत?"

"साईं, पंचवीस साल से टाकी बेचता हूं. मेरे बाप को भी किसीने ये सवाल नहीं पूछा. तुम्ही पेट्रोल भरणार की परीक्षा घेणार?"

"दोन्ही," श्रीपादराव म्हणाले.

दिपेशच्या माणसांनी टाकी बसवली. पण आतला तरंगणारा गोळा, ज्याच्या दांडीवर मीटरचा काटा हलतो, तो जुन्या बुटक्या टाकीचा होता. दिपेश म्हणाला, "काटा थोडा इधर उधर दाखवेल, चालतं." एवढं बोलून त्याने श्रीपादरावांना आठवडाभराचं काम दिलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर उभी राहिली. श्रीपादरावांनी गोळ्याची दांडी चार वेळा वाकवली. मग काचेच्या नळकांड्यात मोजून एकेक लिटर पेट्रोल ओतायचं, पेट्रोल शांत होईपर्यंत थांबायचं, काट्याची जागा टिपायची. सतरा नोंदी झाल्या. त्यांचा सुबक तक्ता करून त्यांनी तो प्लास्टिकखाली टाकीवर चिकटवला. काटा अमुक रेघेवर म्हणजे अमुक लिटर. कुमुदिनीताई खाली येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या आधी माझी पत्रिकासुद्धा तुम्ही इतकी नीट पाहिली नव्हतीत."

चढती झाली होती. उरली उतरती. त्यासाठी टाकीखालचा कॉक सोडून पेट्रोल लिटरलिटरने बाहेर काढायला हवं होतं. श्रीपादरावांनी दोन बादल्या आणल्या आणि तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी हरिचंद्र म्हात्रे बनियनवर धावत आले.

"टिपणीस! पार्किंगमध्ये पेट्रोलच्या बादल्या? वर बत्तीस बिऱ्हाडं आहेत! एक ठिणगी पडली तर मिटिंग घ्यायला सभासद उरणार नाहीत!"

"हरिचंद्रजी, फक्त उतरती..."

"काय उतरायचंय ते तुमच्या डोक्यातून उतरवा. बादल्या आत न्या."

श्रीपादरावांनी तक्त्याकडे पाहिलं. सतरा नोंदी ओळीने, शाळेच्या पंक्तीत बसलेल्या मुलांसारख्या. एवढी सुरेख चढती आलीय, पेट्रोलची टाकी ती, उतरती काय वेगळी येणार? तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःला हे वाक्य ऐकवलं आणि बादल्या उचलल्या.

पुढचे आठ-दहा दिवस मजेत गेले. काटा तक्त्याप्रमाणे उतरत होता. चार लिटरवर आला आणि मग मंगळवारी चारवरच राहिला. बुधवारीही चारवरच.

"बघितलंस?" रात्री जेवताना ते कौतुकाने म्हणाले. "मोठ्या टाकीने गाडीचं ॲव्हरेज वाढलं."

"टाकी मोठी झाल्यावर गाडी कमी पिते?" कुमुदिनीताईंनी विचारलं. "मग तुम्हाला मोठं ताट घेते उद्यापासून."

गुरुवारी सकाळी आठला श्रीपादराव निघाले. मास्टर गेज मागे, पिशवी पुढे, हिरव्या चिठ्ठ्या खिशात. नदीचा पूल ओलांडला, बारवी धरणाच्या बाजूचं रान सुरू झालं, हवेत गारवा होता. पावणेनऊला एका चढावर गाडीने खोकल्यासारखं केलं. त्यांनी कॉक रिझर्व्हला फिरवला. गाडी आणखी दोनदा खोकली आणि निवांत झाली.

काटा चार लिटरवर होता.

आता इथे कुठल्याही साध्या माणसाला पहिला प्रश्न पडला असता, पेट्रोल संपलं का? श्रीपादरावांना तो पडणं शक्यच नव्हतं. काटा त्यांनी स्वतः तपासला होता. म्हणजे दोष दुसरीकडे. त्यांनी प्लग काढला, रुमालाने पुसला, परत बसवला. किका मारल्या. एअर फिल्टर उघडून त्यात फुंकलं. प्लगची वायर सोडून ठिणगी बघितली, ठिणगी दणदणीत होती. नऊ वाजून दहा मिनिटं.

एक मोटरसायकलवाला थांबला. "काका, पेट्रोल संपलं असंल."

"चार लिटर आहे."

"हलवून बघा की."

"हलवायचं कशाला? तक्ता आहे. हे बघा, या रेघेवर चार." त्या माणसाने तक्ता बघितला, श्रीपादरावांना बघितलं आणि गाडी गिअरमध्ये टाकून तो सावकाश निघून गेला. वेड्या माणसाजवळून जाताना माणूस जसा आवाज न करता जातो तसा.

साडेनऊ. फोनला रेंज नव्हती. श्रीपादराव हात वर करून रस्त्यावर दोन्ही दिशांना चालून आले, रेंज नाही. या क्षणी कारखान्याच्या गेटवर त्या मॅडम घड्याळाकडे बघत असतील. त्यांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. चढ, मागे पेटी, पुढे पिशवी, आणि भरीला ते सतरा लिटरचं धूड. पन्नास पावलांवर छाती भात्यासारखी झाली. खाली उतरणीला न्यावी तर बदलापूर, म्हणजे उलट दिशा. एक टेम्पो न थांबता गेला. दुसरा थांबला, पण त्यात कोंबड्या गच्च भरल्या होत्या; ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही बसाल काका, पेटी कुठं ठेवू?" पेटीशिवाय जाऊन काय करणार, काट्यांची नुसती विचारपूस?

अकरा वाजत आले. श्रीपादराव दगडावर बसले. प्लग पुन्हा काढायला हातात पाना घेतला आणि तसाच परत ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांतल्या चुका काढल्या आणि आपलं एक यंत्र का चालत नाही ते कळत नाही! उन्मेषच्या दुकानातली खुर्ची त्यांना स्पष्ट दिसली, फिरती, पाठीला जाळी असलेली. समोर ओळीने पांढरेशुभ्र कमोड, आणि एकावरही काटा नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढून पुसला तर हाताच्या ग्रीसने काच आणखी बरबटली.

"गारी बंद परली का रं दादा?"

लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी उभी होती. जवळच्या वाडीतली बनूबाई. तिने मोळी झाडाला टेकवली आणि पदराने तोंड पुसलं.

"हो आजी. काय झालंय कळत नाही."

"पेट्रोल हाय?"

"आहे, चार लिटर."

बनूबाईने तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि त्याचाच आज उपयोग झाला. ती टाकीजवळ आली आणि बोटांच्या पेरांनी उजव्या गालावर टकटक केली. बद्द आवाज. मग डाव्या गालावर टकटक केली. रिकाम्या डब्यासारखा टणटणीत आवाज.

"ह्या अंगाला हाय. त्या अंगाला नाय," ती म्हणाली. "माझा नातू गारी निजवतो डाव्या कुशीव. मंग उठवतो. मंग चालतंय."

श्रीपादराव जागच्या जागी गार पडले. टाकीच्या मधून गाडीचा दांडा जातो, म्हणून टाकीच्या पोटात मध्ये उंचवटा असतो आणि खाली दोन वेगळे गाल होतात. कॉक डाव्या गालाला. गोळा उजव्या. पेट्रोल उंचवट्याच्या खाली उतरलं की इंजिन फक्त डावा गाल पितं आणि उजव्या गालातलं पेट्रोल जागेवर बसून राहतं, त्यावर गोळा आणि गोळ्यामुळे काटा. चारवर. दोन दिवस. काट्याला जेवढं दिसत होतं तेवढं तो अगदी खरं सांगत होता. ओतताना दोन्ही गाल बरोबर भरले, म्हणून चढतीत हे कळलं नाही. उतरती घेतली असती तर त्या रविवारीच, पार्किंगमध्ये, बादलीच्या शेजारी, पाच मिनिटांत कळलं असतं.

"गाढव," ते म्हणाले.

"कोण, मी?" बनूबाईने कमरेवर हात ठेवला.

"नाही हो आजी! मी. मी!"

"मंग ठीक हाय. धर तिकडून."

पेटी उतरवली, पिशवी सोडली. पंचावन्न वर्षांचा कॅलिब्रेशन तज्ज्ञ आणि सत्तरीची बनूबाई यांनी मिळून गाडीला डाव्या कुशीवर निजवलं. वजन पेलवेना तसे श्रीपादरावही तिच्याबरोबर निजले आणि शर्टाची डावी बाजू लाल मातीने माखली. टाकीच्या पोटात खळखळ असा आवाज झाला. झाकणातून थोडं पेट्रोल बाहीवर सांडलं. गाडी उठवली. तिसऱ्या किकेला ती सुरू झाली.

"आजी, तुमचे उपकार..."

"माझी मोळी चढव डोक्याव," बनूबाई म्हणाली. "आन् त्यो कागद काढून टाक. उगा वाचत बसतोस."

श्रीपादराव कारखान्याच्या गेटवर पोचले तेव्हा बारा वाजले होते, सगळ्या अर्थांनी. वाटेत त्यांनी ठरवून ठेवलं होतं, पंक्चर सांगायचं. पंक्चर कोणाचंही होतं, त्यात इज्जत जात नाही.

अनुया मॅडम बाहेरच उभ्या होत्या. "साडेनऊ म्हणाला होतात टिपणीस काका. मी त्या चिठ्ठीवाल्याला फोन केलाय, तो तीनच्या आत येऊ शकत नाही. ऑडिटर अडीचला." मग त्यांचं लक्ष शर्टाकडे गेलं. "हे काय, पडलात का?"

"नाही. गाडीला पाडलं."

"म्हणजे?"

पंक्चर हा शब्द जिभेच्या टोकावर होता. तिथून तो परत फिरला. "मोठी टाकी बसवली होती. काटा चार लिटर दाखवत होता. एका बाजूचं पेट्रोल संपलं, दुसऱ्या बाजूचं पोचत नव्हतं."

अनुया मॅडम इंजिनिअर होत्या. त्यांना एवढं पुरलं. "काटा तुम्हीच तपासला होतात?"

"हो."

"उतरती घेतली नव्हती?"

श्रीपादरावांनी आयुष्यात हा प्रश्न दुसऱ्यांना हजार वेळा विचारला होता. उत्तर देणाऱ्याला कसं वाटतं ते त्यांना आज कळलं. "नाही," ते म्हणाले.

"काका, निदान पंक्चर झालं म्हणायचं होतं ना! मी आत्ता वर काय सांगू, आपला काटेवाला स्वतःच्या काट्याने फसला?" त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांचा आवाज चिरकला होता. त्यांचंही काहीतरी पणाला लागलं असणार. "अडीच तास आहेत. वीस होतील?"

"दहा होतील."

"निम्मी पद्धत करा. नुसती चढती. बरोबर वीस होतात. उतरती कोण बघतंय?"

हिशेब अचूक होता. नुसती चढती, वीस काटे, वीस हिरव्या चिठ्ठ्या, आणि वर्षाचं काम खिशात. श्रीपादरावांनी पेटीच्या कडीला दोन्ही हातांनी धरलं, नाहीतर ते हात जोडले गेले असते.

"मॅडम, मला हे काम हवंय. किती हवंय ते सांगता यायचं नाही. पण दहाच होतील. उरलेल्या दहांवर 'तपासणी बाकी' अशी लाल चिठ्ठी लावतो."

"लाल चिठ्ठ्या बघून ऑडिटर आरती करेल माझी!"

"हो," श्रीपादराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या हताशपणे हात उडवून म्हणाल्या, "सुरू करा. वेळ जातोय."

त्यांनी सुरू केलं. पंप मारायचा, थांबायचं, टिपायचं, सोडायचं, थांबायचं, टिपायचं. मॅडम मागे उभ्या राहून घड्याळ बघत होत्या आणि त्यांच्या प्रत्येक सुस्काऱ्याला श्रीपादरावांची मान आखडत होती. सहावा काटा डबे शिजवणाऱ्या वाफेच्या भांड्यावरचा. चढतीला कसा तंतोतंत गेला. उतरतीला दोनवर आला आणि तिथेच बसला. दाब शून्य, काटा दोन. श्रीपादरावांनी काचेवर टिचकी मारली. ढिम्म. देवा, निदान आज तरी नीट वागायचं होतंस. त्यांनी सुस्कारा टाकून त्यालाही लाल चिठ्ठी लावली. मॅडमनी वाकून काटा बघितला, दाब बघितला आणि त्या मागे सरकल्या.

अडीचला नऊ हिरव्या होत्या आणि अकरा लाल. ऑडिटर वेळेवर आला.

श्रीपादराव कँटीनमध्ये बसले. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली. चार वाजता ऑडिटरची गाडी गेली. सव्वाचारला ऑफिसच्या काचेतून मॅडम फोनवर बोलताना दिसल्या, म्हणजे ऐकताना. बोलत पलीकडचा होता. साडेचारला श्रीपादराव उठले, पेटी गाडीला बांधली आणि कल्याणला जाताना कुठला शर्ट घालायचा याचा विचार करू लागले.

"कुठे निघालात?" अनुया मॅडम फाइल घेऊन आल्या. डोळे लाल होते. "अकरा लाल, अकरा शेरे. साहेब अर्धा तास ओरडत होते."

"माझ्यामुळे. माफ करा."

"एका महिन्याने ऑडिटर परत येणार आहे. सगळे बघणार म्हणाला. एकशे चाळीस, चढती-उतरती दोन्ही." त्यांनी फाइल पुढे केली. "महिन्यात जमतील?"

श्रीपादरावांनी फाइल घेऊन पेटीच्या पट्ट्याखाली खोचली. "जमतील."

"उद्यापासून, साडेनऊला. आणि काका," त्यांनी टाकीवरच्या तक्त्यावरून नजर फिरवली, "एसटीने या."

श्रीपादरावांनी मान डोलावली. गेटवर गाडी थांबवून त्यांनी वॉचमनला विचारलं, "बदलापूरहून इकडे पहिली एसटी किती वाजता?"

"सातची लिहिलीय बोर्डावर."

"लिहिलीय ते कळलं. येते किती वाजता?"